वीस मिनिटांचा आवाज

आमच्या विभागात एकशे वीस वाक्यांची यादी आहे. ज्यांचं स्वरयंत्र शस्त्रक्रियेनं काढायचं ठरतं, त्यांच्याकडून ती आधी वाचून घ्यायची, ध्वनिमुद्रित करायची आणि पाटीएवढ्या एका यंत्रात भरून द्यायची, हे माझं काम. पुढे बोलता येईनासं झालं की माणूस यंत्रावरचं बटण दाबतो आणि त्याचा जुना आवाज त्याच्या वतीनं बोलतो. ‘पाणी द्या.’ ‘उशी वर करा.’ ‘डॉक्टरांना बोलवा.’ यादी माझ्या आधीच्या बाईंनी केली. त्या निवृत्त झाल्या, यादी मात्र नोकरीत राहिली. बावीस वर्षं मी ती ऐकते आहे. झोपेतून उठवून कुणी चौसष्टावं वाक्य विचारलं तरी सांगेन: ‘खिडकी लावून घ्या, वारा लागतोय.’ माझ्या खोलीला खिडकी नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर, जुन्या एक्स-रे फिल्म ठेवतात त्या कोठाराला लागून. भिंतींना करड्या स्पंजचे उंचसखल तक्ते. दार लावलं की आपलाच श्वास मोठा वाटायला लागतो. दोन खुर्च्या, टेबल, माइक आणि भिंतीवर एक घड्याळ. त्याची टिकटिक मुद्रणात येते म्हणून मी त्यातला सेल काढून ठेवला आहे. वेळ मनगटावर बघते.

काका सोमवारी साडेचारला आले. दिवसातला तो माझा आठवा रुग्ण. आम्ही सगळ्यांनाच काका-काकू म्हणतो. नावं फाइलवर असतात. एकोणसत्तर वर्षांचे, उंच, घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. सोबत काकू. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हे त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, कारण माइक बघून त्यांना राहवलं नाही.

“तोंडापासून चार बोटं लांब ठेवा,” त्या काकांना म्हणाल्या. “आणि फुंकर मारू नका त्यात.”

“बरं, बाई,” काका म्हणाले. आवाज जाड कापड हळूहळू फाडावं तसा होता. उजव्या स्वरतंतूवर गाठ होती आणि ती खाली पसरली होती. रिपोर्ट माझ्यासमोर होता. अशा वेळी आवाज रोज पंधरा-वीस मिनिटं साथ देतो, मग नुसती हवा उरते.

“रोज वीस मिनिटं,” मी सांगितलं. “त्यापुढे ताणायचा नाही. शस्त्रक्रिया शुक्रवारी. आज धरून चार दिवस, म्हणजे ऐंशी मिनिटं आहेत आपल्याकडे.”

“पुष्कळ झाली,” काकू म्हणाल्या. “घरी आठवड्यात एवढं बोलत नाहीत.”

मग त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यांचीही यादी होती. सव्वीस वाक्यं, अक्षर टपोरं, प्रत्येक ओळीला आकडा. ‘झोपलीस?’ ‘आधी तू खा.’ ‘चष्मा तुझ्या कपाळावरच आहे.’ ‘दार मी लावलंय, परत बघू नकोस.’ ‘किती बोलतेस.’

“तुमच्या यादीत सगळं ‘द्या’ आणि ‘करा’ आहे,” त्या म्हणाल्या. “घरात असं कोण बोलतं मला? पाहुणी आल्यासारखं वाटेल. तुमचं झालं की माझी घ्या. आणि ही घेताना मी बाहेर बसेन. आत्ता तोंडावर ऐकवणार नाहीत मला ती. मागाहून ऐकेन. पण राहायला नकोत तेवढी.”

“नाही राहणार,” मी म्हटलं आणि कागद टेबलावर कळफलकाखाली सरकवला.

सोमवारी अठ्ठेचाळीस वाक्यं झाली. काका एका दमात वाचत. चुकले तर स्वतःच थांबत, वाक्य पहिल्यापासून घेत, आणि घेण्याआधी दोन सेकंद गप्प राहत. ते दोन सेकंद मला सोयीचे होते. मागाहून कापायला बरं पडतं. हे त्यांना कुणी शिकवलं, असा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता. पण मला घरी जायचं होतं. लिफ्ट बंद होती आणि माझे पाय सुजले होते.

मंगळवारी एकाहत्तरावं वाक्य आलं: ‘थोडा उशीर झाला तरी चालेल.’ ‘उशीर’ म्हटल्यावर काका थांबले. नाकातून थोडीशी हवा सोडली, आणि मग ‘झाला’ म्हणाले, घसा खाली नेऊन, जसं काही तो शब्द पाठीवरून उतरवून जमिनीवर ठेवायचा होता. माझं बोट बटणावर तसंच राहिलं. मी ते वाक्य त्यांना पुन्हा वाचायला लावलं. पहिलं मुद्रण उत्तम होतं.

मी आठ वर्षांची होते तेव्हा टीव्हीवर रविवारी संध्याकाळी साडेपाचला पंधरा मिनिटं एक बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा. त्यात एक कासव पोस्टमन होतं. त्याचं नाव ढिम्मराव. पाठीवर ढालीऐवजी पत्रांची पेटी, गळ्यात शिट्टी. पुठ्ठ्याची एक गल्ली, तिला सात दारं, आणि त्या गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला ढिम्मरावला पूर्ण भाग लागायचा. पत्र नेहमी उशिरा पोचायचं. परीक्षेच्या शुभेच्छा यायच्या तेव्हा मुलगा नोकरीला लागलेला असायचा. दार उघडणारा चिडायचा. ढिम्मराव मान आत घ्यायचा, परत बाहेर काढायचा आणि म्हणायचा, “उशीर... झाला. मान्य. पत्र मात्र तेच आहे.” मग वाचून दाखवायचा. खालून बाहुली धरणाऱ्याची काठी दिसायची. मला ती दिसायची आणि तरीही काही बिघडायचं नाही.

मी अडखळत बोलायचे. ‘प’ आणि ‘स’ माझ्या तोंडात दगडासारखे बसायचे. आमच्या घरात कुणी वाईट नव्हतं. सगळे फक्त घाईत होते. आई शिवणयंत्रावर, बाबा पाळीवर जायच्या गडबडीत, ताई आरशापुढे. मी “प... प...” सुरू केलं की तिघांपैकी जो जवळ असेल तो माझं वाक्य पुरं करून टाकायचा. “पाणी? घे की.” “पेन्सिल? दप्तरात बघ.” मला पावडरचा डबा हवा असायचा. पण आता तेही सांगायचं म्हणजे पुन्हा ‘प’ आला. मग मी पाणी प्यायचे. त्या वर्षांत मी तहान नसताना बरंच पाणी प्यायले.

ढिम्मरावचं वाक्य कुणीच पुरं करायचं नाही. गल्लीतली माणसं चिडत, पण थांबत. माझ्या लक्षात हे यायला बरेच रविवार गेले. मग एक दिवस मी त्याच्या आवाजात ‘पावडर’ म्हणून बघितलं, एकटीच, न्हाणीघरात दार लावून. शब्द सरळ आला. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच आवाजात साबण मागितला. दुकानदार म्हणाला, “आल्या पोस्टमास्तरीणबाई.” घरी ताईनं आईला सांगितलं, “हिच्या अंगात कासव आलंय.” आईनं यंत्र थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझं बोलणं संपेपर्यंत थांबली. साबणाच्या दोन वड्यांबद्दल मी जवळजवळ एक मिनिट बोलले.

त्यामागचं कारण मला पुढे कॉलेजात कळलं. दुसऱ्याच्या आवाजात बोलताना अडखळणं बऱ्याचदा सुटतं. वाचेचा मार्ग थोडा बदलतो. पाठ्यपुस्तकात त्यावर एक परिच्छेद आहे. मी ह्या कामात आले ती त्या परिच्छेदामुळे, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं.

कार्यक्रम अडीच वर्षं चालला. मग एका रविवारी त्या वेळेला पोहण्याच्या स्पर्धा दाखवल्या, पुढच्या रविवारीही, आणि नंतर कुणी काही बोललंच नाही. आवाज कुणाचा होता हे कधीच कळलं नाही. शेवटी पाट्या पडायच्या त्यात बाहुल्या करणाऱ्याचं नाव असे, लाकूडकाम करणाऱ्याचंही असे. आवाजाचं नसे.

मंगळवारी वीस मिनिटं संपल्यावर मी विचारलं, “काका, तुम्ही पूर्वी कासवाचा आवाज काढायचात का? टीव्हीवर?”

काकांनी हातातला कागद खाली ठेवला. काकू दार उघडून आत आल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“झालं,” त्या म्हणाल्या. “तीस-चाळीस वर्षांत पहिल्या तुम्ही. आज हे जेवायचे नाहीत. ह्यावरच पोट भरेल.”

“रविवारी सकाळी मुद्रण असायचं,” काका कुजबुजले. “तीन-तीन भाग एकदम.”

“आणि रविवारी माझी ड्यूटी असायची एक्स्चेंजला,” काकू म्हणाल्या. “सकाळपासून रात्रीपर्यंत. मी एकही भाग बघितला नाही. घरी म्हटलं, करून दाखवा, तर म्हणे बाहुलीशिवाय येत नाही.”

“येत नाही,” काका म्हणाले.

“बघा. बाहेर पोपट, घरात मौनीबाबा.”

रात्रीचं जेवण झाल्यावर मी ताईला फोन केला. “ढिम्मराव सापडला,” म्हटलं.

“जिवंत आहे?”

“आहे. घशाची गाठ आहे.”

ताई म्हणाली, “त्याला म्हणायला सांग ना एकदा ते. उशीर झाला, मान्य. रेकॉर्ड करून पाठव मला.” आणि मग, मोठ्या बहिणीच्या आवाजात, “तू दमलेली वाटतेस. जेवलीस का?”

ताईनं म्हटलं म्हणून मी केलं असं नाही. ताई निमित्त. मी त्या रात्री फोन ठेवायच्या आधीच ठरवलं होतं.

बुधवारी उरलेली तेवीस वाक्यं नऊ मिनिटांत झाली. काकांचा आवाज त्या दिवशी चांगला होता. काकू खाली रक्ततपासणीचा रिपोर्ट घ्यायला गेल्या होत्या. माझ्या मनगटावर अकरा मिनिटं शिल्लक होती. सव्वीस वाक्यांना, ह्या गतीनं, साधारण अकरा मिनिटं लागली असती. हे गणित मी नंतर केलं असं मला म्हणता आलं असतं. मी ते तेव्हाच केलं होतं. कागद कळफलकाखालून अर्धा बाहेर आलेला होता. पण गुरुवारची पूर्ण वीस मिनिटं मोकळी होती.

“काका,” मी म्हटलं, “एक पत्र वाचून दाखवाल?”

त्यांनी कुठलं पत्र असं विचारलं नाही. खुर्ची मागे सरकवली, कारण बसून येत नाही म्हणाले. उभे राहिले, खांदे वर नेले, मान आत घेतली. हरवलेल्या छत्रीचं पत्र होतं ते. छत्री सापडली आहे, येऊन घेऊन जावी. ढिम्मराव पोचतो तेव्हा छत्रीवाला मुलगा आजोबा झालेला असतो. काका मधे थांबत होते ते आजारामुळे की पूर्वीही तिथेच थांबत असत, हे मला ओळखू आलं नाही. मी आठ वर्षांची नव्हते. मला रडूही आलं नाही. फक्त मान आणि खांदे, जे दिवसभर आखडलेले असतात, ते खाली आले. तीन मिनिटं दहा सेकंद. मुद्रण चालू होतं.

“थांबा,” काका त्यांच्या स्वतःच्या आवाजात म्हणाले. “हे नीट नाही झालं. पुन्हा घेतो.”

“काकूंची यादी आहे,” मी म्हटलं. “आज तीच घेऊ या का?”

हे मी म्हटलं, हे खरं आहे. कसं म्हटलं, तेही मुद्रणात आहे. समोर खाऊची बशी धरलेली असताना पोर ‘नको मला’ म्हणतं, तसं.

“ती काय, घरातलीच आहे,” काका म्हणाले. “तिला माझं सगळं पाठ आहे. हे कुणालाच पाठ नाही.”

आणि त्यांनी दोन सेकंद सोडून पुन्हा सुरुवात केली. छत्रीचं पत्र दुसऱ्यांदा, मग एक नवंच, घड्याळजीच्या दुकानात आलेलं. शेवटच्या मिनिटात शब्द कमी आणि हवा जास्त होती. मी त्यांना थांबवायला हवं होतं. हात टेबलावर होता. तो मी उचलला नाही.

काकू परत आल्या तेव्हा काका खुर्चीत बसून पाणी पीत होते, आणि त्यांचा चेहरा असा होता की काकूंनी रिपोर्ट पुढे करायच्या ऐवजी आधी विचारलं, “काय हो, काय झालं?”

“यादी संपली,” मी म्हटलं. “उद्या तुमची.”

गुरुवारी सकाळी काकांच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. गाठीभोवती सूज आली होती. दहा वाजता सर्जननं मानेतून श्वासासाठी नळी बसवली आणि शस्त्रक्रिया त्याच दुपारी घ्यायचं ठरवलं. नळी बसल्यावर आवाज संपतो. मला हे कळलं ते दुपारी बारा वाजता, वॉर्डच्या सिस्टरच्या फोनवर. “तुमच्या साडेचारच्या रुग्णाचं नाव खोडा,” ती म्हणाली.

मी सर्जनला जिन्यात गाठलं. आदल्या दिवशी मी काकांना अकरा मिनिटं जादा ताण दिला, वेगळ्या आवाजात, असं सांगितलं.

“सूज येणारच होती,” तो म्हणाला. “आज नाही तर उद्या. फार विचार करू नका.” त्याला खालच्या मजल्यावर जायचं होतं. मी विचार केला, अर्थात. पण एकाच माणसावर तुलना करता येत नाही. बुधवारी मी त्यांना गप्प बसवलं असतं तर गुरुवारी काय झालं असतं, हे कुणालाही सांगता येणार नाही. एवढं मात्र सांगता येतं की बुधवारी अकरा मिनिटं होती आणि ती काकूंची होती.

त्यानंतरचे नऊ दिवस मी वॉर्डात रोज गेले. काका बरे होत होते. पाटीवर लिहून सिस्टरशी चेष्टा करत. माझ्याशीही नीट वागत. काकूंनी एकदाही यादीबद्दल विचारलं नाही, कारण त्यांच्या मते गुरुवारीच ती बुडाली होती आणि त्यात कुणाचा दोष नव्हता. मी गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. आठव्या दिवशी मी बुधवारचं मुद्रण उघडलं आणि तीन मिनिटं दहा सेकंदांनंतर कापून त्याची वेगळी प्रत केली. तेवढी प्रत देता येईल, असं मला वाटलं. ‘ती काय, घरातलीच आहे’ तिच्यात नव्हतं.

शनिवारी सकाळी काकू यंत्र घ्यायला एकट्याच आल्या. मी बटणं दाखवली. त्यांनी पहिलं दाबलं. ‘पाणी द्या.’ त्यांनी मान किंचित डावीकडे कलवून ऐकलं, कानाला अजून काहीतरी लावलेलं असावं तशी.

“स्वच्छ आलाय,” त्या म्हणाल्या. आणखी चार-पाच दाबली. मग यंत्र मांडीवर ठेवलं. “माझी एकसुद्धा नाही झाली.”

“नाही.” मी तेवढ्यावर थांबू शकले असते. “काकू, तुमची बुधवारी होऊ शकली असती. अकरा मिनिटं शिल्लक होती. मी काकांना कासवाचा आवाज काढायला सांगितलं.”

त्यांना समजायला वेळ लागला. मी थांबले. वाक्य पुरं केलं नाही.

“का?”

“मला ऐकायचा होता. लहानपणी मी त्या आवाजात बोलायला शिकले.”

“आणि ते बोलले.”

“हो.”

“मी खाली रांगेत उभी असताना.”

“हो.”

“ऐकवा,” काकू म्हणाल्या.

मी कापलेली प्रत लावली. ढिम्मराव छत्रीचं पत्र घेऊन निघाला. काकू माझ्याकडे न बघता स्पीकरकडे बघत होत्या. पत्र संपलं.

“असं बोलायचे होय,” त्या म्हणाल्या. आणि मग, “पुढे?”

“एवढंच आहे.”

“अकरा मिनिटं म्हणालात. ही तीन झाली.” त्यांनी घड्याळाकडे बघितलंही नव्हतं. “तीस वर्षं मी ट्रंक कॉल जोडलेत, बाई. तीन मिनिटं संपली की माझ्या पोटात कळतं. उरलेली आठ कुठे आहेत?”

मला खोटं नीट बोलता येत नाही. माझा आकडा तरी खरा निघतो. मी मूळ मुद्रण उघडलं आणि पहिल्यापासून लावलं. तीन मिनिटं दहा सेकंदांनी काकांचा खरा आवाज आला. ‘थांबा. हे नीट नाही झालं. पुन्हा घेतो.’ मग माझा. मग पुन्हा त्यांचा. ‘ती काय, घरातलीच आहे. तिला माझं सगळं पाठ आहे. हे कुणालाच पाठ नाही.’

मला वाटलं, त्या थांबवायला सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. उरलेली सगळी मिनिटं ऐकली, शेवटची हवासुद्धा. मी माझ्या हातांकडे बघत होते. नखाजवळ शाई लागली होती.

“पाठ आहे म्हणे,” काकू म्हणाल्या.

मी मुद्रण बंद केलं.

“आहेच पाठ. चाळीस वर्षं तेच ते. पाठ असलं म्हणून काय झालं? गाणं पाठ असतं म्हणून माणूस रेडिओ फेकून देतो का?” त्यांचा आवाज चढला नाही. तो चढत नसावा. नोकरीत तशी परवानगी नसते. “तुम्ही मागितलं, हे एक झालं. पण ओढून न्यायची गरज पडली नाही त्यांना. हे मला ऐकू आलं.”

“मी थांबवायला हवं होतं.”

“हवं होतं.” त्यांनी पर्स उघडली, रुमाल काढला, नाक पुसलं, पर्स बंद केली. मग विचारलं, “पुढचा रुग्ण किती वाजता?”

“साडेबाराला.”

“अर्धा तास आहे. माझा कागद ठेवलाय का फेकलात?”

कळफलकाखाली होता. मी दिला.

“यंत्र लावा तुमचं. मी बोलते.”

“काकू, आवाज तुमचा येईल.”

“कळतं मला. एवढी बावळट नाही.” त्यांनी खुर्ची माइकजवळ ओढली आणि चार बोटांचं अंतर मोजलं. “सगळं पाठ आहे ना मला, मग म्हणून दाखवते. त्यांनी बटण दाबावं आणि माझ्याच आवाजात मला म्हणावं, आधी तू खा. हसतील तरी. नाही हसले तर मी हसेन.” मग माझ्याकडे न बघता, “आणि तुमच्यावर राग आहे माझा. तो आहे तिथे राहू द्या, त्याला हात लावू नका. दार लावा. बाहेरचं येतंय.”

मी दार लावलं. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं: ‘झोपलीस?’ शब्द स्पष्ट, सगळी अक्षरं सारख्या उंचीची.

“हे एक्स्चेंजचं झालं,” त्यांनी स्वतःच सांगितलं. “पुसा.”

दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा शेवटचं अक्षर गिळलेलं होतं, प्रश्न वर न जाता खाली गेला होता, जणू उत्तर आलं नाही तरी चालणार होतं. मी काकांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. तरी तो त्यांचाच असणार हे कळत होतं. ‘आधी तू खा.’ ‘दार मी लावलंय, परत बघू नकोस.’ ‘किती बोलतेस.’ हे म्हणताना त्यांनी नाकातून हवा सोडली, अगदी थोडी. मी आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर लक्ष ठेवलं. काही सांगायची वेळ आली नाही. दोन वाक्यांच्या मधे त्या दोन सेकंद गप्प राहत होत्या.

पंचवीस झाली. सव्विसावं त्यांनी मनातच वाचलं. माझ्यासमोर कागद उलटा होता, पण अक्षर टपोरं होतं: ‘तुझं बरोबर होतं.’

“हे नको,” त्या म्हणाल्या. “हे ते आयुष्यात तीनदा म्हणालेत. मीच लिहिलं कागदावर, ते खरं. पण माझ्याच तोंडानं मी मला काय सांगू? आता म्हणायचं असेल तर पाटीवर लिहू देत.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि ह्या वेळी तो माझ्याकडे दिला नाही.

मी पंचवीस बटणं भरली. त्याला बारा मिनिटं लागली. त्या बसून राहिल्या, चहा घेणार का विचारलं तर नको म्हणाल्या. मी यंत्र त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं.

“आवाज मोठा कुठून करायचा, तेवढं दाखवा,” काकू म्हणाल्या. “दुसऱ्या खोलीतून बोलायची सवय आहे त्यांना.”